परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी : किती महिने धरायचे?

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

हातातलं काम चालू राहू द्या, नुसता कान इकडे द्या. आजचा विषय आपल्या लेकीसुनांचा आहे, आणि गटाच्या पेटीचाही आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बैठकीत कर्जमागणीचं एक नवीन कारण ऐकू यायला लागलंय. पूर्वी कारणं ठरलेली असायची. शेळ्या, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना, पोरीचं लग्न. आता अर्जात लिहिलेलं असतं, ‘मुलीच्या परदेशातील नोकरीसाठी’. मला याचा आनंदच होतो. आपल्या पोरी इंग्रजी घेऊन बी.ए. होतात, बी.एड. करतात, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत सहा-सात हजारांवर वर्षानुवर्षं शिकवतात. त्यांनी दुबईच्या नाहीतर थायलंडच्या शाळेत शिकवायचं मनात आणलं, तर त्यात वावगं काय?

माझी अडचण पुढच्या रकान्याशी आहे. ‘परतफेड कधीपासून?’ या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘नोकरी लागल्यावर’. मी विचारते, नोकरी कधी लागणार? उत्तर येतं, ‘एजंट म्हणतोय, वीस-पंचवीस दिवसांत.’

आज मी त्या वीस दिवसांचाच हिशोब मांडणार आहे. उत्तर आधीच सांगून टाकते. बी.एड. झालेली, दोन-तीन वर्षं शिकवलेली, कागद हातात असलेली मुलगी असली, तरी पहिला अर्ज केल्यापासून विमानात बसेपर्यंत सहा महिने ते वर्ष धरावं. कागद जमवायचे असतील तर त्याआधीचे चार-सहा महिने वेगळे. आणि बी.एड.च नसेल, तर गोष्ट महिन्यांची नाही, वर्षांची आहे. एवढा वेळ जातो कुठे, ते एकेक करून बघू.

पहिला वेळ जातो देश ठरवण्यात. सगळेच देश आपल्या मुलींना इंग्रजी शिकवायला घेत नाहीत. दक्षिण कोरियात परकी भाषा शिकवणाऱ्यांसाठी ‘ई-टू’ नावाचा व्हिसा आहे. इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमध्येही साधारण तसाच नियम आहे. तुमच्या मुलीचं इंग्रजी कितीही चांगलं असो, तिथे आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते बघतात. त्यामुळे ‘कोरियात इंग्रजी टीचर, शंभर टक्के गॅरंटी’ असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबायचं.

मग आपल्या मुलींना वाट कुठे आहे? सर्वांत मोठी वाट आखाताची. दुबई, अबुधाबी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन इथे भारतीय अभ्यासक्रमाच्या, सीबीएसईच्या शाळा आहेत. तिथे पदवी, बी.एड. आणि बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. यातल्या बऱ्याच शाळांना नवऱ्याच्या व्हिसावर आधीच तिथे राहणारी शिक्षिका सोयीची वाटते, कारण शाळेचा व्हिसाचा नि राहण्याचा खर्च वाचतो. म्हणून इथून अर्ज करणाऱ्या मुलीला जास्त शाळांकडे अर्ज करावे लागतात आणि जास्त थांबावं लागतं.

दुसरी वाट थायलंडची. तिथे पदवी लागते, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजीची परीक्षा देऊन दाखवावी लागते. ‘टोइक’ नावाच्या परीक्षेत निदान ६०० गुण किंवा तशाच दुसऱ्या परीक्षेत त्या तोडीचे गुण मागतात. मालदीवमध्येही भारतीय शिक्षक बरेच आहेत. अमेरिकेत ‘जे-वन’ नावाचा शिक्षकांसाठीचा अदलाबदलीचा व्हिसा आहे. त्याला पदवी आणि निदान दोन वर्षांचा पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव लागतो, आणि तो तिथल्या सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच मिळतो.

म्हणजे जवळजवळ सगळीकडे दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, शिक्षणाचा कागद आणि अनुभवाचा कागद. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे. त्यावर दोन वर्षांचा अनुभव. म्हणजे नुकतीच बी.ए. झालेल्या मुलीला आखाताच्या चांगल्या शाळेत जायचं असेल, तर चार वर्षांची तयारी आहे. हे ऐकून कोणी हिरमुसू नका. ती चार वर्षांनी मोठी असेल, एवढंच. आपण डाळिंबाचं रोप लावतो तेव्हा पुढच्या महिन्यात फळ मागत नाही.

आता अनुभवाच्या कागदाबद्दल. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या शाळा पगार रोख देतात, नेमणुकीचं पत्र देत नाहीत. मुलगी चार वर्षं राबते आणि दाखला मागायला गेली की उत्तर मिळतं, ‘तुमचं नाव मस्टरवर नव्हतं.’ म्हणून आज जी मुलगी शिकवते आहे, तिने आजच नेमणूकपत्र मागावं, पगार बँकेत घ्यावा, आणि वर्ष संपलं की त्या-त्या वर्षाचा दाखला शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवावा. कोणता वर्ग, कोणता विषय, कोणत्या तारखेपासून, हे त्यात असावं. याला पैसा लागत नाही. लागतो तो धीटपणा, आणि तो देण्यासाठीच गट आहे.

दुसरा वेळ जातो नावात. हो, नावात! मुलीची दहावीची, बारावीची, पदवीची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाने. आधार कार्ड लग्नानंतरच्या नावाने. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. आपल्याकडे चालून जातं, सगळे ओळखतात. परदेशातला कारकून ओळखत नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया. मग प्रतिज्ञापत्र करा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा, गरज पडली तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. यात दोन-तीन महिने सहज जातात. लेकीचं लग्न ठरलं असेल तर एकच विनंती. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हे घाईत ठरवू नका. कायद्याने नाव बदलायची सक्ती नाही.

तिसरा वेळ पासपोर्टचा. आता जिल्ह्याजिल्ह्यातल्या मोठ्या पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्रं झाली आहेत. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा तर वर आणखी २,००० रुपये. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो. मधे पोलीस पडताळणी असते, म्हणून महिना-दीड महिना धरावा. अर्ज करताना दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. दहावी पास असलेल्या माणसाला परदेशी कामाला जाताना सरकारची वेगळी उत्प्रवास परवानगी घ्यावी लागत नाही. पदवीधर मुलीकडे कोणी ‘इमिग्रेशन क्लिअरन्सचे’ म्हणून पैसे मागितले, तर कशाचे ते आता तुम्हाला विचारता येईल.

चौथा वेळ पदवीच्या कागदाचा. गुणपत्रक म्हणजे पदवी नव्हे. विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र लागतं, आणि ते दीक्षान्त समारंभानंतर मिळतं. ते अजून घेतलंच नाही, अशा मुली आपल्या गावात किती आहेत, आज घरी विचारून बघा. प्रमाणपत्र हातात आलं की त्याचं साक्षांकन. पदवी खरी आहे हे आधी आपल्याकडे राज्य पातळीवर तपासलं जातं, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय शिक्का मारतं. या शिक्क्याला बऱ्याच देशांसाठी ‘अपोस्टिल’ म्हणतात. भारत त्या करारात २००५ पासून आहे. पण संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई-अबुधाबी, त्या करारात नाही. म्हणून तिथल्यासाठी पुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचाही. एकेक शिक्का म्हणजे एकेक रांग. विद्यापीठाने पडताळणीला उशीर केला तर सगळंच अडून बसतं. याला एक महिना ते तीन महिने धरा. शिवाय पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, तो पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. पण तो फार आधी काढून ठेवू नका, कारण बहुतेक ठिकाणी ताजा दाखलाच चालतो.

पाचवा वेळ परीक्षेचा. टोइक किंवा आयएल्ट्स. आयएल्ट्सची फी सोळा-अठरा हजारांच्या घरात आहे, आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणून पासपोर्ट नाही, पदवी नाही आणि परीक्षा मात्र देऊन ठेवली, असं करू नका. परीक्षेच्या आधी दोन-तीन महिने रोज इंग्रजी ऐकायचा नि बोलायचा सराव हवा. आपल्या मुलींचं व्याकरण पक्कं असतं. जीभ अडखळते, कारण बोलायला समोर कोणी नसतं. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून रोज अर्धा तास इंग्रजीतच बोलायचं ठरवलं, तर त्याला क्लास लागत नाही.

सहावा वेळ शाळांच्या हंगामाचा. पेरणीसारखंच आहे हे, वाफसा गेला की गेला. आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यांच्या मुलाखती साधारण डिसेंबर ते मार्च चालतात. तिथल्याच इंग्रजी अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. थायलंडमध्ये पहिलं सत्र मेच्या मध्याला आणि दुसरं नोव्हेंबरच्या सुमारास. अमेरिकेत ऑगस्ट. आता समजा मुलीचे कागद एप्रिलच्या शेवटी तयार झाले. आखाताच्या भारतीय शाळांचा हंगाम हुकला. मग पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबणं आलं. आठ महिने तिची काही चूक नसताना गेले. म्हणून उलटं मोजायचं. एप्रिलला जायचं असेल तर आदल्या डिसेंबरला अर्ज, म्हणजे नोव्हेंबरच्या आत कागद तयार, म्हणजे मे-जूनमध्येच कामाला लागायचं.

शेवटचा वेळ मुलाखतीपासून विमानापर्यंतचा. पहिली मुलाखत व्हिडिओवर, मग वर्ग घेऊन दाखवायचा, मग नेमणूकपत्र, करार, व्हिसा. दोन-तीन महिने. आणि दहा-वीस अर्जांना उत्तरच येत नाही, तेही यात धरा.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी दोन वर्षांपूर्वी आखातातल्या एका भारतीय शाळेत गेली. पहिला अर्ज ते विमान, अकरा महिने. त्यातले चार महिने नाव आणि पदवी यांच्या मागे गेले. तिची आई मला म्हणाली, ‘ताई, थांबण्याचा त्रास नव्हता. त्रास होता तो रोज विचारणाऱ्यांचा. गेली नाही का अजून पोरगी? काय झालं? फसली का?’

मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. घाई आपल्याला नसतेच, घाई लोकांच्या तोंडाला असते. त्या विचारण्याला कंटाळून घरचे एजंटाकडे जातात. आणि एजंट नेमकं तेच विकतो जे आपल्याकडे नसतं, म्हणजे तारीख.

मागच्या वर्षी आणखी एका गटात ८०,००० रुपयांची मागणी आली. मुलगी बी.ए., नोकरी थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायची, एकवीस दिवसांत प्रयाण. व्हिसा पर्यटनाचा, ‘कामाचा परवाना तिथे गेल्यावर करून देऊ’. गट बारा जणींचा, महिना बचत प्रत्येकी २०० रुपये. म्हणजे महिन्याला २,४००. त्या हिशोबाने ८०,००० म्हणजे बारा जणींची जवळजवळ पावणेतीन वर्षांची बचत. शेकडा दोन व्याजाने महिन्याचं व्याजच १,६०० रुपये. नोकरी खरी असती आणि दहा महिन्यांनी लागली असती, तरी पहिला पगार दिसायच्या आत १६,००० रुपये नुसतं व्याज झालं असतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

गटाच्या अध्यक्षांनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, तीन गोष्टी आणा, लगेच ठराव करू. शाळेच्या नावाचं नेमणूकपत्र, एजंटाचा नोंदणी क्रमांक, आणि व्हिसा कोणत्या प्रकारचा ते लेखी. एजंटाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, पाठवतो. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. ८०,००० पेटीतच राहिले. मुलगी रडली, चार दिवस आईशी बोलली नाही. आता ती बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

या तीन गोष्टी का विचारायच्या, तेही सांगते. आपल्या देशात १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला सरकारची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. नोंदणी असलेला एजंटही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो, तीही पावती देऊन. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घेऊ नये, असं लिहिलेलं आहे. मग दुबईच्या व्हिसाचे म्हणून लाख रुपये कोण मागतंय आणि कोणासाठी?

पर्यटन व्हिसाची गोष्ट तर जिवावरची आहे. पर्यटन व्हिसावर काम करणं बेकायदा असतं. पकडली गेली तर गुन्हेगार आपली मुलगी ठरते, एजंट नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता की थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी असं सांगून तरुणांना बेकायदा म्यानमारमध्ये नेलं जातंय, आणि तिथे कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जाताहेत. मार्च २०२५ मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांना सांगितलेल्या नोकऱ्या मुख्यतः संगणकावरच्या कामाच्या होत्या. पण आमिषाची रीत तीच : लवकर चला, कागद नंतर.

आता गटाने काय करायचं? अशा कर्जाला सरसकट नाही म्हणू नका. म्हटलंत तर ती बाई सावकाराकडे जाईल. कर्ज टप्प्याने द्या. पहिला टप्पा पासपोर्टचा आणि पदवी प्रमाणपत्राचा. दोन-तीन हजार, हप्ता लगेच सुरू. पासपोर्ट बैठकीत दाखवला की दुसरा टप्पा परीक्षेचा. निकाल दाखवला की तिसरा टप्पा साक्षांकनाचा. आणि तिकिटाचे पैसे सर्वांत शेवटी, कामाचा व्हिसा बघितल्यावर. करार दुसऱ्या कोणा जाणकाराकडून वाचून घ्यावा. पगार किती, राहायची सोय कोणाची, परतीचं तिकीट कोणाचं, आणि पासपोर्ट मुलीच्याच हातात राहणार ना, हे बघावं.

याचा फायदा असा की कुठल्याही टप्प्यावर गाडी अडली, तरी बुडणारी रक्कम थोडी असते. आणि पासपोर्ट, पदवी, अनुभवाचा दाखला हे कागद वाया जात नाहीत. मुलगी परदेशी गेली नाही, तरी ते तिला पुण्यात, नाशकात, चांगल्या शाळेत नोकरी मिळवून देतात.

परतफेडीचा रकाना ‘नोकरी लागल्यावर’ असा कधीच लिहू नका. आज घरात येणाऱ्या पैशातून, म्हणजे मुलीच्या आताच्या पगारातून, शिकवणीतून, दुधातून जेवढा हप्ता झेपेल, तेवढंच कर्ज.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. ज्यांच्या घरी पदवीधर लेक किंवा सून आहे, त्यांनी तिचे सगळे कागद एका पिशवीत घालून बैठकीला आणा. आधार, दहावी, पदवी, जन्मदाखला. पाचही बोटं एकसारखी नसतात, पण त्या सगळ्या कागदांवर नाव मात्र एकसारखं आहे का, एवढंच आपण मिळून बघू. तिला परदेशी जायचं असो वा नसो.

आणि शेजारणीच्या मुलीने अर्ज केलाय असं कळलं, तर ‘गेली नाही का अजून?’ असं विचारू नका. ‘कोणता कागद राहिलाय, मी काही मदत करू का?’ असं विचारा.